लिनक्स टाकले, पण संगणक सुरूच होईना… नेमके अडते कुठे?

विंडोज १०चा आधार संपल्याने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याचा मार्ग अनेक जण निवडत आहेत. मात्र इन्स्टॉलेशननंतर काळा पडदा दिसला, की घाबरून ‘फॉरमॅट मारून टाका’ असे सांगितले जाते. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

करी रोड स्थानकाच्या एका अंगाला लालबागच्या चाळी आणि दुसऱ्या अंगाला लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभी राहिलेली कार्यालये. अशा कार्यालयांनी काही वर्षे वापरून काढून टाकलेले लॅपटॉप मुंबईत सेकंडहँड बाजारात, मुख्यतः ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, विकायला येतात. मुलगा अभियांत्रिकीला किंवा मुलगी बीएस्सी आयटीला गेली, की मध्यमवर्गीय घरात पहिला लॅपटॉप अनेकदा असाच येतो. यंत्र दणकट असते, पण वयाने मोठे.

अडचण आली १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत देऊ केले गेले, पण ही फक्त मुदतवाढ. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१८पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप या चाळणीतून खाली पडतात. त्यांचा कळफलक चालतो, पडदा चालतो, बॅटरी तासभर तग धरते. केवळ अधिकृत यादीत नाव नाही.

मग उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन ते टाकले जाते. ज्यांचे काम विंडोजवरच्या टॅलीत किंवा श्रीलिपीत अडकले आहे, ते विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स बसवतात. अर्ध्या तासात ‘इन्स्टॉलेशन पूर्ण झाले’ असा संदेश येतो, संगणक पुन्हा सुरू होतो, आणि पडद्यावर नुसती पांढरी रेघ लुकलुकत राहते. पुढचा प्रसंग ओळखीचा आहे. कोणी तरी ‘हार्ड डिस्क उडाली’ असे निदान करते, फॉरमॅट मारला जातो आणि डी ड्राइव्हमधले लग्नाचे फोटो, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, कॉलेजचा प्रकल्प त्यासोबत जातो. नुकसान लिनक्सने केलेले नसते. ते घाईने केलेले असते.

संगणक ‘मेला’ की पत्ता चुकला?

संगणक सुरू होणे ही एक क्रिया नसून हातोहात चालणारी साखळी आहे. बटण दाबल्यावर प्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत तो यूईएफआय असतो. बोलताना आजही सगळे ‘बायोस’च म्हणतात, त्याने काही बिघडत नाही. हा प्रोग्राम मेमरी, कळफलक, डिस्क तपासतो आणि मग आपल्याजवळच्या यादीत पाहतो, की पुढचे काम कोणाकडे द्यायचे. ते जाते बूटलोडरकडे. लिनक्समध्ये बहुतांश ठिकाणी तो ‘ग्रब’ असतो. ग्रब डिस्कवरून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत आणतो. त्याच्या सोबतीला ‘इनिटरॅमएफएस’ नावाची छोटी शिदोरी असते. मुख्य डिस्क उघडण्यासाठी लागणारे ड्रायव्हर तिच्यात बांधलेले असतात. डिस्क उघडली, की कर्नल बाकीच्या सेवा सुरू करतो आणि शेवटी लॉग-इनचा पडदा येतो.

प्रत्येक जण पुढच्याला त्याच्या पत्त्यावर शोधतो. घोटाळा होतो तो इथे. करी रोड-लालबागमध्ये हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. चाळ पुनर्विकासाला गेली, भाडेकरू संक्रमण शिबिरात राहायला गेले आणि पोस्टमन मात्र ‘खोली क्रमांक २७, दुसरा मजला’ शोधत फिरतो. माणसे सुखरूप असतात, सामानही सुखरूप असते, पत्र तेवढे पोहोचत नाही. डिस्कवरच्या प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी नावाचा लांबलचक ओळख क्रमांक असतो. पार्टिशन नव्याने फॉरमॅट केले, की तो बदलतो. बूटलोडरच्या कागदावर जुनाच क्रमांक राहिला, तर तो दार ठोठावून परत येतो. संगणक सुरू न होण्याच्या तक्रारींत डिस्क खरोखर निकामी झालेली असणे हा प्रकार वेगळा आणि ओळखता येण्यासारखा आहे. त्याविषयी पुढे.

पडदा काय सांगतो?

साखळी कुठे तुटली हे पडद्यावरचा संदेशच सांगतो, म्हणून पहिले काम त्याचा मोबाइलने फोटो काढण्याचे. दुरुस्तीवाल्याला ‘काही तरी इंग्रजीत आले होते’ असे सांगण्यापेक्षा हा फोटो दहापट उपयोगाचा.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा तत्सम शब्द दिसले, तर फर्मवेअरला पुढचा माणूसच सापडलेला नाही. इथे लिनक्सचा एकही भाग अद्याप सुरू झालेला नाही. पेन ड्राइव्ह तसाच लावून ठेवला आहे का, फर्मवेअरमधील बूटचा क्रम काय आहे, हे पाहावे. संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबली, की बूट मेनू उघडतो. डेल आणि लेनोवोमध्ये ती बहुधा एफ १२ असते, एचपीमध्ये एफ ९, एसूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. या मेनूत ‘उबुंटू’ किंवा ‘विंडोज बूट मॅनेजर’ असे नाव दिसत असेल, तर ते निवडावे. त्यातून संगणक सुरू झाला, तर दुखणे फक्त क्रमाचे होते.

‘ग्रब रेस्क्यू’ असा काळा पडदा आला, तर बूटलोडर जागा झाला आहे, पण त्याला स्वतःचे उरलेले भाग सापडत नाहीत. याचे एक हमखास कारण म्हणजे लिनक्स नको झाले म्हणून विंडोजमध्ये जाऊन त्याचे पार्टिशन उडवून टाकणे. ग्रबचे घर गेले, पाटी मात्र दारावर राहिली. अशा वेळी विंडोज सहसा शाबूत असते. नव्या यंत्रात बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडला, की ते सुरू होते आणि मग फर्मवेअरमध्ये जाऊन त्याला पहिल्या क्रमांकावर आणून ठेवावे.

ग्रबचा मेनू नीट येतो, लिनक्स निवडले जाते आणि त्यानंतर पडदा काळा पडतो, हा तिसरा प्रकार. यात बहुतेकदा दोष ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो, विशेषतः एनव्हिडियाचे कार्ड असलेल्या लॅपटॉपमध्ये. संगणक सुरू झालेला असतो, फक्त दिसत नसतो. ग्रबच्या मेनूत लिनक्सच्या ओळीवर असताना ‘ई’ ही कळ दाबली, की सुरुवातीच्या सूचना उघडतात. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द (अर्थातच रोमन अक्षरांत) जोडून एफ १० दाबले, तर कार्डाचे खास ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या रूपात पडदा उजळतो. ही तात्पुरती काठी आहे. आत गेल्यावर योग्य ड्रायव्हर टाकावा लागतो, नाही तर पुढच्या वेळी पुन्हा अंधार.

‘कर्नल पॅनिक’ हे शब्द भीतिदायक आहेत खरे. त्यासोबत रूट फाइल सिस्टीम माउंट करता येत नसल्याचा उल्लेख असेल, तर वर सांगितलेली शिदोरी हरवलेली किंवा अर्धवट बांधलेली असते. इन्स्टॉलेशननंतर काही महिन्यांनी, एखाद्या अपडेटनंतर हे घडते, कारण वेगळे ठेवलेले लहानसे ‘बूट’ पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरून जाते आणि नव्याला जागा उरत नाही. ग्रबच्या मेनूतील ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल असतो, तो निवडून संगणक सुरू करावा आणि जुना पसारा काढावा.

‘इमर्जन्सी मोड’ असे लिहून आले, तर आणखी पुढची पायरी गाठलेली असते. ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये कोणती पार्टिशने सुरुवातीलाच जोडायची याची यादी असते. त्यातले एखादे आता अस्तित्वात नाही, किंवा बाहेरून लावायची डिस्क लावलेली नाही, एवढ्यावरून सगळी गाडी थांबते. त्या एका ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाकून ती निष्क्रिय केली, की काम भागते.

आधी माहिती, मग दुरुस्ती

कोणताही उपाय करण्यापूर्वी डिस्कवरचा मजकूर बाहेर काढून घेणे हा क्रम कधीही उलटा करू नये. ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकले, तोच इथे कामाला येतो. त्यावरून संगणक सुरू करून ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘ट्राय’ हा पर्याय निवडला, तर डिस्कला हात न लावता लिनक्स मेमरीतून चालते. मग फाइल उघडायच्या, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. त्यामुळे लिनक्स ते पार्टिशन अनेकदा केवळ वाचण्यापुरते उघडते. प्रत काढायला तेवढे पुरते.

इथेच डिस्कचा खरा आजारही कळतो. ‘डिस्क्स’ या अॅपमध्ये डिस्क दिसतच नसेल, किंवा तिची ‘स्मार्ट’ चाचणी बिघाड दाखवत असेल, किंवा जुन्या फिरत्या डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक आवाज येत असेल, तर प्रश्न पत्त्याचा नाही. तेव्हा एकही प्रयोग न करता जे वाचता येते ते उतरवून घ्यावे आणि डिस्क बदलावी. डिस्क दिसत असेल, तिची पार्टिशने दिसत असतील, फाइल उघडत असतील, तर ‘हार्ड डिस्क उडाली’ हे वाक्य तिथेच खोटे ठरले.

बिटलॉकरबाबत मात्र आधीच सावध राहायला हवे. विंडोजमधील या कुलपामुळे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक रूपात साठतो आणि अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केल्यावर ते आपोआप लागते. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. फर्मवेअरमधील सुरक्षेची सेटिंग बदलली, की विंडोज सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या फोनवरून खाते उघडून पाहता येते. पण सेकंडहँड लॅपटॉप विकणाऱ्याने विंडोज भरताना स्वतःच्याच खात्याने लॉग-इन केले असेल, तर की त्याच्या खात्यात. लिनक्स टाकण्यापूर्वी ही की कागदावर उतरवून घेणे किंवा बिटलॉकर काढून टाकणे यापेक्षा महत्त्वाची तयारी नाही. ती नसेल तर लिनक्सच काय, मायक्रोसॉफ्टही तो मजकूर उघडून देऊ शकत नाही.

सर्वाधिक गोंधळ कशामुळे?

दोन पद्धतींच्या सरमिसळीमुळे. जुन्या बायोस पद्धतीत बूटलोडरची सुरुवात डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असते आणि त्यातही प्रत्यक्ष प्रोग्रामला जागा ४४६ बाइट. यूईएफआय पद्धतीत त्यासाठी ‘ईएसपी’ हे स्वतंत्र छोटे पार्टिशन असते. विंडोज ते साधारण १०० एमबीचे करते. विंडोज, लिनक्स, प्रत्येकाची फाइल तिथे आपापल्या फोल्डरमध्ये सुखाने नांदते.

आता होते असे, की विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेले असते आणि पेन ड्राइव्ह मात्र जुन्या, ‘लेगसी’ पद्धतीने सुरू केला जातो. बूट मेनूत एकाच पेन ड्राइव्हची दोन नावे दिसतात, त्यातले वरचे निवडले जाते, बस्स. लिनक्स मग जुन्या पद्धतीचा बूटलोडर बसवते. इन्स्टॉलेशन यशस्वी होते, पण यूईएफआयच्या यादीत लिनक्सची नोंदच होत नाही. मागची दुकानातली कामगिरी काय होती हे माहीत नसलेल्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये याची शक्यता अधिक. ‘ट्राय’मध्ये असताना ‘सिस’ फोल्डरच्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये ‘ईएफआय’ हे फोल्डर आहे का, हे पाहिले की पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने सुरू झाला ते कळते. असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी.

दोन डिस्क असलेल्या संगणकात वेगळी गंमत होते. लिनक्स एका डिस्कवर आणि बूटलोडर दुसरीवर, कधी कधी चक्क पेन ड्राइव्हवरच बसतो. लक्षण सरळ आहे: पेन ड्राइव्ह लावला की संगणक चालतो, काढला की नाही. अनेक जण महिनोन् महिने पेन ड्राइव्ह लावूनच काम करतात.

कार्यालयीन लॅपटॉपमध्ये डिस्कची सेटिंग अनेकदा इंटेलच्या ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ पद्धतीवर असते. लिनक्सच्या इन्स्टॉलरला अशी डिस्क बऱ्याचदा दिसत नाही. मग कुठल्याशा व्हिडीओत पाहून फर्मवेअरमध्ये ती सेटिंग ‘एएचसीआय’वर नेली जाते. लिनक्स सुरू होते, पण विंडोज निळा पडदा दाखवून ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणते. ही सेटिंग परत पूर्ववत केली, की विंडोज परत येते. दोन्ही हवे असतील, तर बदलाआधी विंडोजला पुढच्या वेळी ‘सेफ मोड’मध्ये सुरू होण्याची सूचना द्यावी, मग सेटिंग बदलावी, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यावे आणि नंतर सूचना काढून घ्यावी. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचा नवा ड्रायव्हर स्वतःहून उचलते. क्रम चुकवला तर निळा पडदा ठरलेला.

काही लॅपटॉप तर नियमच पाळत नाहीत. त्यांचे फर्मवेअर यादीतल्या ‘उबुंटू’ या नोंदीकडे दुर्लक्ष करून फक्त विंडोजची नोंद पाहते, किंवा सुरक्षेचा पासवर्ड टाकून ‘ही फाइल विश्वासार्ह आहे’ असे स्वतः सांगितल्याशिवाय लिनक्स सुरू करत नाही. या दुसऱ्या प्रकारात फर्मवेअरमध्ये सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो. तो लिहून ठेवला नाही, तर पुढचा ताप वेगळाच.

चूक वापरणाऱ्याची नसतानाही…

१३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजचे मासिक अपडेट दिले आणि जगभरात शेजारी-शेजारी विंडोज व लिनक्स ठेवणाऱ्यांपैकी अनेकांचे लिनक्स दुसऱ्या दिवशी उघडेना. पडद्यावर ‘एसबॅट’ तपासणी अयशस्वी झाल्याचा आणि ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असा संदेश. ज्यांनी त्या आठवड्यात काहीच केले नव्हते, त्यांचीही यंत्रे अडली.

कारण समजून घेण्यासाठी ‘सिक्युअर बूट’ कळायला हवे. यूईएफआय कोणालाही दारातून आत सोडत नाही. ज्याच्यावर ओळखीची डिजिटल सही आहे, त्यालाच सोडते. बहुतेक संगणकांत ही सही मायक्रोसॉफ्टची मानली जाते. म्हणून लिनक्सवाले ‘शिम’ नावाचा एक छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतात आणि शिम पुढे ग्रबला आत घेतो. ग्रबमध्ये २०२२ साली सापडलेल्या एका सुरक्षात्रुटीमुळे जुन्या आवृत्त्यांना बंदी घालणारी यादी, म्हणजे ‘एसबॅट’, विंडोजच्या अपडेटमधून फर्मवेअरमध्ये लिहिली गेली. दोन सिस्टीम असलेल्या संगणकांना ती लागू होणार नाही, असे कंपनीने सांगितले होते. ती काहींना लागू झालीच. पूर्ण निवारण करणारे अपडेट मे २०२५मध्ये आले.

अशा वेळी उपाय नऊ महिने थांबण्याचा नव्हता. फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे, लिनक्स सुरू करायचे, ‘मोकयुटिल’ या साधनाने ती यादी पुसायची, संगणक पुन्हा लिनक्समध्येच सुरू करायचा, आणि मग सिक्युअर बूट परत सुरू करायचे. शेवटची पायरी लोक विसरतात. सिक्युअर बूट कायमचे बंद ठेवणे हा सरसकट सल्ला आळसाचा आहे.

लिनक्सच्या बाजूनेही असे घडले आहे. जुलै २०२०मध्ये ‘बूटहोल’ नावाची त्रुटी बुजवण्यासाठी घाईने दिलेल्या अपडेटनंतर रेड हॅटचे काही संगणक सुरूच झाले नाहीत. याच मालिकेतली पुढची तारीख जून २०२६. सिक्युअर बूटसाठी २०११ साली काढलेल्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रांची मुदत त्या महिन्यापासून संपू लागते. याचा अर्थ त्या दिवशी चालू संगणक बंद पडतील असा नाही. मात्र नव्या प्रमाणपत्राने सही झालेला लिनक्सचा पेन ड्राइव्ह, जुनीच यादी असलेला संगणक नाकारू शकतो. म्हणून विंडोज काढून टाकण्याआधी लॅपटॉप कंपनीचे शेवटचे फर्मवेअर अपडेट करून घेणे शहाणपणाचे.

यंत्र खरोखर निकामी झाल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, मोजकी. २०१३च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडले; मदरबोर्ड बदलावा लागला. डिसेंबर २०१७मध्ये उबुंटू १७.१०मधील एका इंटेल ड्रायव्हरने लेनोवोच्या आणि आणखी काही कंपन्यांच्या लॅपटॉपमधील फर्मवेअरची चिप बिघडवली. सेटिंग साठवणेच बंद झाले, काहींना पेन ड्राइव्हवरून सुरूही करता येईना. कॅनॉनिकल या कंपनीने डाउनलोड काढून घेतले आणि सुधारित आवृत्ती जानेवारी २०१८मध्ये दिली. या दोन्ही घटना एवढ्या गाजल्या, याचे कारण त्या अपवाद होत्या. या प्रकारांत यंत्राचे स्वतःचे फर्मवेअर बिघडते. ज्या लॅपटॉपवर कंपनीचा लोगो उमटतो, बूट मेनू उघडतो, पेन ड्राइव्ह चालतो आणि सेटिंग टिकते, तो लॅपटॉप या गटात येत नाही.

प्रत्यक्ष दुरुस्ती

बूटलोडरच बिघडला असेल, तर लिनक्स नव्याने टाकण्याची गरज नाही. फक्त ग्रब पुन्हा बसवता येतो. पेन ड्राइव्ह योग्य पद्धतीने (विंडोज यूईएफआयमध्ये असेल तर हाही यूईएफआयमध्येच) सुरू करावा, ‘ट्राय’मध्ये जाऊन वाय-फाय जोडावे आणि ‘बूट-रिपेअर’ हे साधन उतरवून घ्यावे. ते डिस्कची पाहणी करून ‘शिफारस केलेली दुरुस्ती’ असे एकच मोठे बटण दाखवते. सरळसाध्या प्रकरणांत तेवढे पुरते. मात्र बटण दाबण्याआधी त्याच साधनातून फक्त अहवाल तयार करून घ्यावा. त्यात कोणत्या डिस्कवर काय आहे, कोणता बूटलोडर कुठे बसला आहे हे सारे येते आणि जाणकाराला दाखवता येते. ज्यांना टर्मिनलची सवय आहे, ते डिस्कवरच्या लिनक्समध्ये ‘सीएचरूट’ने शिरून ग्रब हाताने बसवतात. परिणाम तोच, फक्त काय चालले आहे ते दिसते.

विंडोजचाच बूटलोडर गेला असेल, तर लिनक्सच्या साधनांनी तो दुरुस्त करायला जाऊ नये. विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह लावून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मधील ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे, किंवा तिथल्याच कमांड प्रॉम्प्टमधून ‘बीसीडीबूट’ने ईएसपीतील फाइल पुन्हा लिहून घ्याव्यात. लिनक्सची फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये असल्याने ती तशीच राहते.

दहा वर्षांच्या यंत्रात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते, ती म्हणजे मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी. डेस्कटॉपमध्ये ती बहुधा सीआर-२०३२ या क्रमांकाची, तीन व्होल्टची, घड्याळाच्या दुकानातही मिळणारी असते. ती संपली, की वीज काढताच संगणकाचे घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात जाते आणि फर्मवेअरच्या सेटिंग मूळ पदावर येतात. यूईएफआयचे लेगसी होते, एएचसीआयचे पुन्हा रेड होते. काल चाललेले लिनक्स आज सुरू होत नाही आणि दोष लिनक्सवर जातो. तारीख चुकीची दिसत असेल, तर आधी ही बॅटरी बदलावी, मग बाकीचे शोधावे. मुख्य बॅटरी बिघडली म्हणून नुसत्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्येही हेच घडते.

मदत कुठे?

पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सवरचे धडे मराठी आवाजातही मोफत उपलब्ध केले आहेत. टर्मिनल म्हणजे काय, फाइल-फोल्डर कसे हाताळायचे, इथपासून ते सुरू होतात. दुरुस्तीची धांदल उडण्याआधी त्यातले पहिले काही धडे पाहून ठेवले, तर वर आलेले निम्मे शब्द परके वाटत नाहीत.

दुकानात न्यायचीच वेळ आली, तर संदेशाचा फोटो, लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक, लिनक्सचे नाव व आवृत्ती, विंडोज ठेवले आहे की काढले, आणि शेवटचा बदल कोणता केला, एवढे सोबत असावे. बूट-रिपेअरचा अहवाल असेल तर तो दाखवावा; सार्वजनिक ठिकाणी टाकताना मात्र त्यात डिस्क आणि पार्टिशनची नावे दिसतात हे ध्यानात ठेवावे. लॅपटॉप हातात देण्यापूर्वी ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ असे पावतीवर लिहून घ्यावे. पावती मिळत नसेल, तर लॅपटॉपच्या झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर हेच लिहावे.